मदत हवी आहे: गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) बांधून पळवलेल्या गोल्फ कार्टचं इंजिन आता खडखडतंय

माझ्याकडे जुनी पेट्रोल गोल्फ कार्ट आहे. फोर-स्ट्रोक, एक सिलिंडर. मूळ वेग ताशी 20-22 किलोमीटर. आधीच्या मालकाने (आणि खरं सांगायचं तर नंतर मीही) गव्हर्नरची स्प्रिंग तारेने ताणून बांधून ठेवली होती. गाडी मस्त पळायची, विशेषतः उतारावर. तीच मजा आता महागात पडणार असं दिसतंय.

गेल्या आठवड्यात उतारावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला, इंजिन किंचाळलं आणि ताकद गेली. तेव्हापासून आतून ठोकल्यासारखा आवाज येतो, गरम झाल्यावर जास्तच. सायलेन्सरमधून निळसर धूर. ऑइल काढलं तर त्यात बारीक चमकणारा चुरा. तार लगेच सोडली, पण आवाज तसाच आहे.

जास्त आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) व्हॉल्व्ह वेळेत बसत नाहीत, कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर) ताण येतो, एवढं कळतं. पण चुरा दिसला म्हणजे रॉडचं बेअरिंग गेलंच असं समजायचं का? आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासू की थेट इंजिन उघडू? की कॉम्प्रेशन ठीक आलं तरी खालचा भाग खराब असू शकतो? तोवर चालू करून बघायचा मोह आवरतोय, रॉड तुटून क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) फुटायला नको.

शिवाय गव्हर्नरची केबल पुन्हा नीट कशी लावायची? माझ्या कार्टमध्ये ती मागच्या गिअरबॉक्समधून येते. आणि बेल्ट, क्लचही बदलावे लागतील का? ज्यांनी हे स्वतः निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा. शिव्या नंतर घाला.