म्हणे थर्मोस्टॅट काढून फेका!

खडखडाट: काल एकाने लिहिलंय, "जुनी गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून फेका, साधं पाणी भरा, विषय संपला." खाली ढीगभर लोक "एकदम बरोबर दादा". अरे काय बरोबर? थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरची झडप, ती साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडते, तोवर पाणी रेडिएटरकडे (पाणी थंड करणाऱ्या जाळीकडे) जाऊ देत नाही म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तुमच्या रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्यात, कॅपचं रबर वाळलंय, फॅन बेल्ट सैल पडलाय आणि फाशी कुणाला, तर थर्मोस्टॅटला. रोग रेड्याला, औषध पखालीला! वर थंडगार इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही जास्त, ते वेगळंच.

बारा_तेराचा_पाना: "एकाने" म्हणजे मी, सरळ नाव घ्या की. सहा वर्षं झाली काढून, आधी रोज तापायची, आता तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही. पुस्तकं वाचून गाड्या चालत नाहीत साहेब. आणि पाणी कूलंटपेक्षा, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवापेक्षा, जास्त उष्णता ओढतं, हे तरी मान्य का तेही खोटं?

डिस्टिल्डवाली: ओढतं, मान्य. पण नुसतं पाणी १०० ला उकळतं, कूलंट-पाण्याचं निम्मंनिम्म मिश्रण १०६-१०७ च्या आसपास, आणि गंज धरत नाही हा खरा फायदा. मी तीन वर्षं नळाचं पाणी भरलं, गॅरेजवाल्याच्याच सल्ल्याने. वॉटर पंप खोलला तर आतल्या पात्यांच्या जागी नुसते गंजाचे खुंट, विटकरी चिखल बोटाने खरवडून काढला मी. तोच गॅरेजवाला वर विचारतो, "ताई, कूलंट का नाही टाकलं?" त्या माणसावर वेगळा धागा काढेन कधीतरी.

मागची_सीट: थर्मोस्टॅट काढला की पाणी इतकं पळतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही, साधं विज्ञान आहे. बाकी काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल, बस.

खडखडाट: माझ्या बाजूने बोलताय पण कारण चुकीचं देताय. पाणी जोरात फिरलं म्हणून कमी थंड होत नाही हो. भानगड बायपासची आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो काढला की ती वाट कायम उघडी, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात.

बारा_तेराचा_पाना: ते राहू दे, हीटर?? भर उन्हात? डोकं ठिकाणावर आहे का?

मागची_सीट: डॅशबोर्डमागे छोटा रेडिएटरच असतो तो, उष्णता ओढून आत फेकतो. मी घाटात केलंय, खिडक्या उघड्या, हीटर फुल, मागे सासरेबुवा घामाने निथळतायत. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत पण इंजिनाचं हेड (वरचा भाग) वाचलं.

बारा_तेराचा_पाना: गाडी बाजूला घ्यायची सोडून सासऱ्याला शिजवलंत. धन्य!

मागची_सीट: चढावर थांबायला जागा नव्हती, तुम्ही होतात का तिथे? जागा दिसली तसा थांबलोच.

डिस्टिल्डवाली: भांडा खुशाल, पण एक ऐका. हीटर फुल करूनही गार हवा आली तर पाणी संपलंय समजा आणि तिथल्या तिथे इंजिन बंद करा. तेव्हा काटाही खोटं बोलतो, सेन्सर पाण्यात बुडालेलाच नसतो. माझा काटा खाली आला म्हणून मी खूश झाले होते, दोन मिनिटांत हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं. आणि गरम असताना कॅप उघडू नका, माझ्या भावाच्या मनगटावर अजून डाग आहे.

निळा_दिवा: निदान काटा तरी आहे तुमच्याकडे. माझ्या गाडीत नुसता लाल दिवा, तो लागेपर्यंत वेळ गेलेली असते. कोण करतं ही डिझाइनं?

खडखडाट: पाना साहेब, तुमचा जुना थर्मोस्टॅट आहे का अजून? दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, पाणी उकळवा आणि बघा.

बारा_तेराचा_पाना: खणात पडलाय. बघतो, तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून.

बारा_तेराचा_पाना: टाकला. खदखदून उकळलं पाणी, उघडला नाही. चिमट्याने ढोसला तरी ढिम्म.

खडखडाट: म्हणजे तो बंदच अडकला होता, म्हणून तापायची. काढल्यावर थांबली, त्यात नवल काय? रस्त्यात अडकल्यावर घरी येण्यापुरता मीही काढला असता, सहा वर्षं नाही.

बारा_तेराचा_पाना: बरं, तुम्ही हुशार. नवीन बसवतो, गॅस्केटसकट. कूलंटही भरतो, ताईंना बरं वाटावं म्हणून. पण हीटर मी लावणार नाही म्हणजे नाही.