कोर्टचा रंग वाळला, आता रेषा कुणाच्या?

शनिवार

ए ६०१ (टेनिस क्लब), सकाळी ७.०४
नमस्कार मंडळी 🎾 आपल्या सोसायटीच्या टेनिस कोर्टचं काम काल आटोपलं. उद्या सकाळी ६ पासून खेळायला खुलं. वर्गणीचे पैसे कुठे गेले हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. आधी भेगा खरवडून भरल्या. मग अख्ख्या कोर्टवर पाणी सोडलं आणि तासभर उन्हात तसंच राहू दिलं. तासाभरानंतरही जिथे नाणं बुडेल एवढं पाणी साचून राहिलं, तिथे खडूने गोल केले आणि ते खळगे भरून सपाट केले. सगळ्यात जास्त गोल डी विंगच्या बाजूला, बेसलाइनच्या (टोकाच्या रेषेच्या) मागे निघाले. पावसाळ्यात शेवाळ धरतं ती हीच जागा. त्यावर अ‍ॅक्रिलिकचे थर. परतीच्या पावसाने मध्ये काम थांबवलं, म्हणून उशीर. खालचं डांबरच नव्याने टाकलं असतं तर ते मुरेपर्यंत आणखी काही आठवडे थांबावं लागलं असतं, ते वाचलं.

नॉन-मार्किंग (डाग न पाडणारे) बूट घालूनच आत यायचं. सायकल, स्केट्स, क्रिकेट बंद.

डी १०१
सुप्रभात 🌹🌹 माझं कालचं पार्सल चुकून कोणाकडे आलंय का?

बी ५०१
ताई, क्रिकेट बंद म्हणजे पोरांनी जायचं कुठे? पार्किंगमध्ये खेळले तर काचा फुटतात, कोर्टवर खेळले तर तुमचा रंग जातो.

ए ६०१
अगं पोरांचंच सांगणार होते. दिवाळीच्या सुट्टीत ६ ते १० वयासाठी शिबिर घेतोय, सकाळी ८ ते ९. मोठ्यांचा पिवळा चेंडू त्यांना द्यायचाच नाही. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा सुमारे ७५ टक्के संथ, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. १० वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानेच बंद केलाय. आपण अजून ६ वर्षांच्या पोराला पिवळा देतो, तो त्याच्या डोक्यावरून उडतो, आणि मग म्हणतो याला टेनिसची आवडच नाही.

बी ५०१
हे बरंय. माझ्या दोघांची नावं लिहा.

डी ४०५ (सांस्कृतिक समिती)
कोर्ट काय देखणं झालंय! गॅलरीतून बघतेच आहे. यंदाची दिवाळी पहाट तिथेच घेऊ या का? छोटा मांडव, मागे कंदील, समोर ऐसपैस जागा.

ए २०४ आजोबा
मांडव नको.

डी ४०५
आजोबा, छोटासाच.

ए २०४ आजोबा
छोट्या मांडवालाही खांब लागतातच. गेल्या नवरात्रात सर्व्हिस लाइनजवळ खांबांना ताण द्यायला खुंट्या ठोकल्या होत्या. यंदाच्या भेगा बरोबर तिथूनच सुरू झाल्या. वरचा रंग फाटला की पाणी आत शिरतं आणि खालचं डांबर सुटायला लागतं. शिवाय तुमची भुईचक्रं. रंगावर काळी वर्तुळं उमटली होती, तीन ठिकाणी. सर्व्हिस टाकताना मी वर्षभर त्यांच्याकडे बघत होतो.

डी ४०५
बरं बाई. म्हणजे बरं आजोबा 😄 हिरवळीवर घेऊ. पण मग हिरवळीवर पाण्याचा पाइप आडवा टाकू नका कुणी.

सचिव
दिवाळी पहाट हिरवळीवर. नोंद घेतली. फटाके कोर्टच्या जाळीपासून लांब. सूचनाफलकावर लावतो.

बी ७०३
सगळ्यांना नमस्कार. आम्ही जूनमध्ये इथे राहायला आलो. एक विनंती आहे, रागावू नका. रेषा मारणारा माणूस सोमवारी नेटचे खांब रंगवायला परत येतोय असं वॉचमन म्हणाला. त्याच वेळी पिकलबॉलच्या, म्हणजे बॅट आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने छोट्या कोर्टवर खेळतात त्या खेळाच्या, रेषा मारून घेता येतील का? टेनिसच्या कोर्टला आजूबाजूची मोकळी जागा धरून ६० बाय १२० फूट लागतात. तेवढ्यात पिकलबॉलची चार कोर्ट बसतात. म्हणजे आज एका वेळी ४ जण खेळतात, तिथे १६ खेळतील. संध्याकाळी ७ ते ९ मी गॅलरीतून मोजतो. बरेचदा दोनच जण असतात. बाकीच्या तीनशे घरांनी नुसतं बघायचं?

ए ६०१
दोघं असतात कारण बाकीचे तेव्हा ऑफिसच्या गाडीत हिंजवडीच्या सिग्नलला असतात. सकाळी ६ ते ८ या, रांग दाखवते.

सी १०२
माझा बेडरूम कोर्टला लागून आहे हे इथे कोणाच्या लक्षात आहे का? टेनिसचा आवाज २० वर्षं ऐकतेय, त्याचं काही नाही, सवय झाली. पण ते पिकलबॉल म्हणजे टक टक टक टक. माझ्या भाचीच्या सोसायटीत सुरू झालंय, मी दोन रात्री राहून आलेय. चार कोर्टांवर एकदम म्हणजे मी घर विकायचं का?

बी ७०३
काकू, आवाज असतो हे खरंय. बॅट कडक, चेंडू प्लॅस्टिकचा आणि भोकांचा, त्यामुळे तो फटका कानात घुसतो. रात्री ९ नंतर नाही, सकाळी ७ च्या आधी नाही. लेखी देतो.

सी १०२
आणि दुपारी १ ते ४?

बी ७०३
काकू, मी पुण्यात नवीन असलो तरी इतकाही नवीन नाही 🙏

सी ८०३
😂😂

डी २०२
टेनिसच्या कोर्टवर दुसऱ्या खेळाच्या रेषा मारायच्या हे मला मुळात पटत नाही. उद्या कोणी म्हणेल कबड्डी. परवा खो-खो. बालेवाडीत एटीपीची (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा व्हायची तेव्हा आम्ही दरवर्षी तिकीट काढून जायचो. २०१९ ची फायनल आठवते? केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकला गेले. एक ६ फूट ८ इंच, दुसरा ६ फूट ११. सर्व्हिस वरून कोसळायची आणि रॅली अशी नाहीच. वर बघून बघून मान धरली होती, पण जागचं हललं नव्हतं कोणी. त्या गावात आपण कोर्टवर कसल्या कसल्या रेषा मारतोय.

सी ८०३
चेन्नईची स्पर्धा २०१८ ला पुण्यात आली, २०२३ ला शेवटची झाली. आता तिकीट काढून बघायला गेलेल्यांपैकी किती जण आपल्या कोर्टवर उतरतात तेही मोजा एकदा, ७०३ ला सांगा, तो मोजतोच आहे.

डी २०२
माझे गुडघे गेलेत हो.

ए ६०१
काका, रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकून जगात पहिला आला, २०२४ मध्ये. गुडघ्यांमधली कूर्चा झिजली म्हणून योगासनं धरली होती त्याने. तुम्ही आणि तो वयाने फार लांब नाही.

डी २०२
मी ५८ चा आहे.

ए ६०१
मग थोडे लांब आहात.

ए २०४ आजोबा
मला जरा सविस्तर लिहायचं आहे, टाइप करायला वेळ लागेल, मध्ये कोणी फुलं टाकू नका.

टेनिस सोडून दुसरी रॅकेट हातात धरणं हे पाप आहे असं डी २०२ च्या मेसेजवरून वाटतं. आमच्या सांगलीचे नंदू नाटेकर मुळात टेनिसपटू. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलपर्यंत गेले आणि तिथे रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. मग बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये मलायात सेलांगरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, परदेशात असं विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. गंमत म्हणजे मुलगा गौरव पुन्हा टेनिसकडेच आला आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिएंडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला. तेव्हा घरातल्या घरात खेळ बदलतात आणि परतही येतात, त्याचं एवढं काय.

आता दुसरी बाजू. ७०३, चार कोर्ट म्हणजे चार वेगळी नेट, त्यांचे स्टँड, ते रोज लावणं-काढणं. हे कोण करणार? पहिले पंधरा दिवस तुम्ही. नंतर वॉचमन. आणि स्टँड ओढत नेले की नव्या रंगावर ओरखडे. टेनिसच्या खेळाडूला पांढऱ्या रेषांचं जाळं पायाखाली आलं तर चेंडू आत की बाहेर हे कळणार नाही, त्यावरून तंटे होतील. मला या वयात तंटे चालतात, पण पार्टनर मिळेनासे होतात.

बी ७०३
आजोबा, मग एकच कोर्ट? मधोमध, टेनिसच्याच नेटवर. टेनिसचं नेट मध्ये ३६ इंच असतं, पिकलबॉलला ३४ लागतं. मधला पट्टा २ इंच खाली ओढला की झालं, वेगळं नेट नकोच. आणि रेषा पांढऱ्या नाहीत, कोर्टच्याच निळ्यातली फिकट छटा. परदेशात मुलांच्या छोट्या टेनिस कोर्टच्या रेषा अशाच मारतात. पिकलबॉलवाल्याला दिसतात, टेनिसवाल्याच्या डोळ्यात खुपत नाहीत.

ए ६०१
थांबा. मुलांच्या रेषा फिकट छटेत असतील तर त्या मलाही हव्यात. लाल चेंडूचं कोर्ट ३६ फूट लांब आणि १८ रुंद असतं. टेनिसच्या कोर्टची दुहेरीची रुंदी बरोबर ३६ फूट. म्हणजे ते आडवं बसतं, एका अर्ध्यात दोन. शिबिरात दरवेळी मी खडूने आखते आणि पोरांच्या पायांनी अर्ध्या तासात पुसलं जातं.

सी १०२
एकाच कोर्टची टक टक असेल तर ठीक. पण वेळ ठरवून द्या, आणि पट्टा परत वर करायची जबाबदारी खेळणाऱ्याची. नाहीतर सकाळी आजोबांची सर्व्हिस २ इंच खालच्या नेटवरून जाईल आणि ते म्हणतील फॉर्म परत आला.

ए २०४ आजोबा
माझा फॉर्म गेलाच नव्हता.

सी ८०३
हा खेळ निघालाच बॅडमिंटनच्या कोर्टवर, १९६५ मध्ये, अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर. म्हणून माप अजून तेच, २० बाय ४४ फूट. आपण फक्त उलट्या बाजूने आलोय. माझं मत एक कोर्ट, गुढीपाडव्यापर्यंत चाचणी.

सचिव
पोल टाकतोय. उद्या रात्री ९ ला बंद. एका फ्लॅटचं एक मत. गेल्या वेळी एका घरातून चार मतं आली होती, कोणत्या ते सांगत नाही.

रविवार

ए ६०१, सकाळी ८.४०
आज ६ ला कोर्ट उघडलं तेव्हा १४ जण होते! चेंडू छान उसळतोय. जुने चेंडू मात्र कृपा करून आणू नका. डबा उघडला की आतला दाब हळूहळू जातोच, मग चेंडू वापरा वा नका वापरू. घरी तपासायचं असेल तर छातीच्या उंचीवरून टाकून बघा, अर्ध्याच्या वर उसळला नाही तर तो गेला. असे चेंडू क्लबरूमच्या पेटीत टाका, शाळेतल्या बाकांच्या पायांना लावायला देतो.

सी ८०३
आता स्पर्धेचं. तुळशीच्या लग्नानंतर दोन शनिवार-रविवार. फक्त दुहेरी. ८ जोड्या, ४-४ चे दोन गट. गटात प्रत्येक जोडी बाकी तिघांशी खेळणार, म्हणजे १२ सामने, दोन सेमीफायनल, एक फायनल, एकूण १५. सामना म्हणजे ६ गेमचा एक सेट, ६-६ ला टायब्रेक. ४०-४० झालं की एकच पॉइंट, ड्यूस-अ‍ॅडव्हांटेज नाही. सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची ते समोरची जोडी ठरवेल. मिश्र जोड्यांत मात्र बाईची सर्व्हिस बाईच घेणार, पुरुषाची पुरुष. सामन्याला ४० मिनिटं धरली तर १० तास. सकाळी ७ ते ९.३० अशा चार सकाळी. बसतं.

बी ५०१
मिश्र जोड्या एकाच गटात पुरुषांबरोबर?

ए ६०१
हो. गेल्या वर्षी बायकांच्या दोनच जोड्या आल्या आणि पहिलाच सामना फायनल झाला, तसलं नको. आणि ऋतुजा भोसले पुण्याचीच, हांगझोऊ एशियाडला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिने २०२३ मध्ये आणलं. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ ला सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्य घेऊन आली. आपल्याकडच्या बायकांनी नेटवर घाबरायचं काही कारण नाही. नवऱ्याबरोबर खेळायची सक्ती नाही, हे वेगळं सांगते.

डी ४०५
हे सोनेरी अक्षरांत लिहा.

सचिव, रात्री ९.०३
पोल बंद. ११८ मतं. एक कोर्ट, फिकट रेषा, गुढीपाडव्यापर्यंत चाचणी : ७९. नको : ३९. मुलांच्या रेषा सर्वसंमतीने. पिकलबॉलच्या वेळा सकाळी ९.३० ते १२ आणि संध्याकाळी ४ ते ६. ७ ते ९ टेनिसचंच राहील.

बी ७०३
४ ते ६ ला मी ऑफिसात असतो 😐

सी ८०३
मग टेनिस शिका.

डी २०२
माझं मत विरोधात होतं, ते इतिवृत्तात यावं.

सचिव
येईल. मतदान गुप्त होतं, पण तुमच्या विनंतीवरून येईल.

सोमवार

ए ६०१, सकाळी १०.१५
रंगारी आलाय. फिकट छटेचे दोन नमुने कोपऱ्यात मारलेत. खाली येऊन बघा, फोटोत फरक कळत नाही. १२ पर्यंत ठरवायचंय.

ए २०४ आजोबा
बघून आलो. डावीकडचा. उजवीकडचा उन्हात पांढराच दिसतो.

सी १०२
डावीकडचाच. मी खिडकीतून बघितला.

सी ८०३
ठरलं. स्पर्धेसाठी आतापर्यंत ५ जोड्या पक्क्या, ३ जागा उरल्यात. ज्यांना पार्टनर नाही त्यांनी नुसतं नाव द्या, चिठ्ठ्या टाकू. ७०३, तुमचं नाव चिठ्ठ्यांत घातलंय. शुल्क गुरुवारपर्यंत सोसायटीच्या खात्यात, वॉचमनकडे रोख देऊ नका.