‘थायरॉइड वाढलंय’ म्हणजे नेमकं काय वाढलंय?

कोथरूडहून प्रश्न: सदाशिव पेठेतल्या लॅबमधून आईचा रिपोर्ट आणला. टीएसएच ९.२. वहिनी म्हणाली, “आईंचं थायरॉइड वाढलंय.” डॉक्टर म्हणाले, “थायरॉइड कमी पडतंय, गोळी सुरू करू.” कागद एक आणि बोलणी उलटसुलट. खरं काय धरायचं? आणि या ग्रंथीला मराठीत काय म्हणतात?

उत्तर: डॉक्टरांचं धरा. टीएसएच हे संप्रेरक (हार्मोन) थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला कामाला लावतं. थायरॉइड मंदावली, रक्तातलं टी-४ हे तिचं संप्रेरक घटू लागलं, की पीयूषिका तगादा वाढवते, म्हणून हा आकडा चढतो.

गोंधळ आपल्या बोलण्यात आहे. ‘थायरॉइड वाढलं’ असं टीएसएच चढलं तरी म्हणतात, संप्रेरक जास्त झालं तरी म्हणतात आणि गळ्याशी गाठ दिसली तरी म्हणतात. गाठीला आपल्याकडे गलगंड हा चोख शब्द आहे. पहिली दोन दुखणी मात्र सहसा एकमेकांच्या विरुद्ध, औषधंही विरुद्ध. म्हणून फोनवर कुणालाही सांगताना ‘टीएसएच ९.२’ असं आकड्यासकटच सांगा, ही कळकळीची विनंती.

‘मला थायरॉइड आहे’ हेही तसलंच. मधुमेह झाला म्हणतो आपण, स्वादुपिंड झालं म्हणत नाही!

मराठी शब्द अवटु ग्रंथी. पण अमरकोशात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, आणि ही ग्रंथी तर पुढे, स्वरयंत्राच्या खाली. मला तो शब्द पटत नाही, थायरॉइडच बरा. संप्रेरक मात्र फार सुरेख. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली लंडनच्या व्याख्यानांत ‘हार्मोन’ शब्द वापरला, तो चेतवणे, चालना देणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. प्रेरक त्याच वाटेनं जातो.

आणखी एक प्रश्न: इतर ग्रंथींची मराठी नावं कशी आहेत? उत्तर: यौवनलोपीला विसरू नका. छातीच्या हाडामागची थायमस. लहानपणी चांगली मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. इंग्रजी नावातून हे कळत नाही, मराठीतून कळतं.

अधिवृक्कचं, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या नावाचं, उलट. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, त्यावर बसलेली ती अधिवृक्क, रचना बिनचूक. पण मराठी घरात वृक्क कोण म्हणतं? मुलांना शिकवताना आधी ‘मूत्रपिंडावरची ग्रंथी’ म्हणावं, मग अधिवृक्क सांगावं.