‘ट्रस्टेड रेपॉझिटरी’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न:
एफ-ड्रॉइडवर टिपण लिहितोय. अँड्रॉइडसाठी फक्त मुक्तस्रोत ॲप देणारा, २०१० पासून चाललेला उपक्रम. ‘ट्रस्टेड रेपॉझिटरी’पाशी, म्हणजे जिथून ॲप भरवशाने उतरवून घेता येतात त्या साठ्याच्या नावापाशी, गाडी अडली आहे. नुसतं ‘रेपो’ लिहिलं की आमच्या घरी कर्जाचा हप्ता आठवतो. ‘विश्वसनीय भांडार’ चालेल?

उत्तर १:
‘भांडार’ म्हटलं की मला साड्यांचे गठ्ठे दिसतात. ‘आगार’ तर एसटीने कायमचं नेलं. मी ‘कोठार’ म्हणेन. दुकानात दुसऱ्याने भरून दिलेला डबा फळीवर मांडतात. एफ-ड्रॉइडवाले बहुतेक वेळा डबा घेतच नाहीत, धान्य घेतात आणि स्वतः दळतात. म्हणजे मूळ कोड आणून ॲपची बांधणी आपल्याच यंत्रांवर करतात. दळताना खडा सापडला, समजा ॲप वापरणाऱ्याचा माग काढत असेल, तर पाटीवर तसं लिहितात. त्याला ते ‘अँटी-फीचर’ म्हणतात. मराठीत ‘अवगुण’ आयता आहे, पण मला ‘खोड’ जास्त आवडतं.

उत्तर २:
कोठार पटलं, ‘विश्वसनीय’ नाही. माणूस विश्वासू असतो, बातमी विश्वसनीय असते. माल खात्रीचा असतो. इथे खात्री पटते ती डिजिटल सिग्नेचरने. तिला सगळे ‘स्वाक्षरी’ म्हणतात, पण आपल्याकडे ‘शिक्कामोर्तब’ पडून आहे. शिवकालीन पत्रात माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. शिवाजी महाराजांची मोर्तब होती ‘मर्यादेयं विराजते’: मजकुराची हद्द इथे संपली, पुढे कोणी ओळ घुसडायची नाही. डिजिटल सही नेमकं हेच काम करते. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. कोठारातल्या यादीवरही सही असते आणि फोन ती तपासूनच यादी मानतो.

याचा फटका मीही खाल्लाय. आईच्या फोनमध्ये पॉडकास्टचं ॲप प्ले स्टोअरवरून घेतलेलं होतं. त्यावरच एफ-ड्रॉइडची नवी आवृत्ती चढवायला गेलो, तर फोन ढिम्म. ॲप तेच, पण सही निराळी. शेवटी जुनं काढलं आणि तिने जमवलेली कीर्तनांची यादीही त्याबरोबर गेली. दोन दिवस बोलणी खाल्ली. हल्ली काही ॲपच्या बाबतीत एफ-ड्रॉइडची बांधणी मूळ लेखकाच्या बांधणीशी तंतोतंत जुळते, मग लेखकाचीच सही राहते आणि हा घोळ होत नाही.

प्रश्नकर्ता:
‘खात्रीचं कोठार’ पक्कं. पण गार्डियन प्रोजेक्टसारख्यांची (खाजगीपणा जपणारी ॲप बनवणारा गट) वेगळी कोठारंही एफ-ड्रॉइडमध्ये जोडता येतात. जोडताना पत्त्याबरोबर जो ‘फिंगरप्रिंट’, म्हणजे कोठाराच्या सहीची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ, ताडून बघायचा, त्याला काय म्हणू?

उत्तर १:
ठसा. अंगठ्याचा तो ठसा, हाही ठसाच. आणि अनेकवचन ‘कोठारं’च ठेवा. ‘कोठारे’ लिहिलंत तर आडनाव वाटेल.