शिक्षण परिषद म्हणजे चहा-भजीच का?

त्रस्त_पालक: आज परत पोरगा दुपारीच घरी. का तर सरांची शिक्षण परिषद. दर महिन्याला केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, सगळ्या शाळांचे मास्तर एका शाळेत जमणार, हारतुरे, चहा-भजी, ग्रुप फोटो, चालले घरी. आमच्याला तिसरीत वजाबाकी येत नाही ती तशीच. बंद करा हा प्रकार, शिक्षकाने वर्गात शिकवावं.

दोनशिक्षकी: राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांबणार आहे. माझी शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मला वर्गात काही अडलं तर विचारू कुणाला? जोडीदार सर पलीकडच्या खोलीत दोन वर्ग सांभाळतायत. गेल्या वर्षी माझ्या तिसरीतली निम्मी पोरं 52 वजा 27 बरोबर 35 लिहायची. महिनाभर मी "हातचा घ्या रे" करून घसा बसवला. शेवटी परिषदेला वह्याच घेऊन गेले. शेजारच्या गावच्या मॅडमनी दोन पानं उलटली न म्हणाल्या, अगं पोरं तुझाच नियम पाळतायत, मोठ्यातून लहान वजा करायचं हे पहिलीत तूच शिकवलंस ना? खरंच की! मग तिथंच टेबलावर काड्या मांडल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. आता पोराकडे सात सुट्या मागायच्या. दोनच आहेत म्हटल्यावर ते जरा घुटमळतं आणि आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतं. मी काहीच सांगायचं नाही. पंधरा मिनिटांचं काम, डीएडच्या दोन वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

त्रस्त_पालक: मॅडम तुम्ही वह्या नेल्यात. बाकीचे काय नेतात? पिशवी.

लिंकग्रस्त: पालकांचं अर्धं खरंय, मी शिक्षक असून सांगतो. आमच्याकडे दोन तास नुसतं वरून आलेल्या सरकारी पत्रांचं वाचन. ऑनलाइन माहितीची लिंक भरली का, युडायस (शाळेची सरकारी माहिती नोंद) झालं का, पोषण आहाराची माहिती दिली का, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम कुठवर आलं. ही लिंक भरली की त्या लिंकचा स्क्रीनशॉट दुसऱ्या लिंकवर. वजाबाकीला शेवटची दहा मिनिटं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष एसटीकडे.

माजी_केंद्रप्रमुख: आम्ही याला गटसंमेलन म्हणायचो. एकजण खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायचा, बाकीचे मागे बसून टिपणं काढायचे, मग मनसोक्त चिरफाड. एकदा माझ्याच पाठाची अशी केली की दोन रात्री झोप नाही. साताऱ्याचं कुमठे बीट (बीट म्हणजे अशा काही केंद्रांचा गट) आठवतंय का? तिथला ज्ञानरचनावाद, म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकायची पद्धत, एकट्यादुकट्या मास्तराचा नव्हता, सगळ्या बीटने मिळून केला, राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला यायचे. 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि गावोगाव लोकांनी फरशीवरची रंगीत चित्रं तेवढी उचलली. एकत्र बसून बोलणं राहिलं साताऱ्यातच.

गणितवेडा: मॅडम, मूळ दुखणं वजाबाकी नाहीच. आकड्यांची नावं आहेत. सत्तावीस म्हटलं की आधी सात ऐकू येतो, पोरगं 72 लिहून मोकळं. 2019 ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आणलं होतं, लोकांनी नुसता दंगा केला.

अस्सल_मराठी: झालं, आलं परत ते वीस सात! अहो भाषा आहे ती, कॅल्क्युलेटर नाही.

गणितवेडा: पुस्तकात जुनी नावंही होतीच. उघडून बघितलं होतंत का नुसते फॉरवर्ड वाचलेत? आणि मराठी वाचवायला निघालेल्यांची पोरं कुठल्या मीडियमला असतात ते माहितीय.

अस्सल_मराठी: पोरांवर जायचं काम नाही. माझी आजी अंगठेबहाद्दर, पावकी-निमकी-दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ, बाजारात तिला फसवायची कुणाची टाप नव्हती.

गणितवेडा: आजीला 27 लिहून दाखवायचा नव्हता हो! दुकानदार एकोणसत्तर म्हणाला की माझा इंजिनियर भाचा मोबाईल पुढे करतो, आकडा टाईप करा म्हणून.

अस्सल_मराठी: मग भाच्याला शिकवा, सगळ्या महाराष्ट्राचं पुस्तक कशाला बदलता?

लिंकग्रस्त: पाढे, आजी, भाचा. धागा परिषदेचा होता ना?

दोनशिक्षकी: मी वर्गात दोन्ही म्हणून घेते, "सत्तावीस म्हणजे वीस आणि सात". हेही परिषदेतच उचललंय, दुसऱ्या एका सरांकडून. आता भांडा.

अस्सल_मराठी: 'म्हणजे' लावून म्हणत असाल तर माझी हरकत नाही. नुसतं वीस सात नको.

गणितवेडा: उपकार झाले.

त्रस्त_पालक: बरं बाबा, घ्या परिषद. पण शाळेची वेळ सोडून. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी घ्या.

दोनशिक्षकी: तुमच्या ऑफिसच्या मिटिंगा सुट्टीच्या वेळात घेतात का?

त्रस्त_पालक: घेतात ना, म्हणून तर डोकं फिरलंय. असो. ते गठ्ठे दहा-दहाचेच ना? काड्या नाहीत घरी, माचिसच्या चालतील का? भजी मात्र बंद करा.

माजी_केंद्रप्रमुख: माचिसच्या चालतील, गुल तोडून द्या. आणि भज्यांची वर्गणी आम्ही खिशातून काढायचो, शासन चहासुद्धा पाजत नाही.