गुडघ्याचं ऑपरेशन तीन महिन्यांनी, तोवर मनाचं काय करायचं?

कृष्णाकाठची_ताई, सांगली: वय ६१, दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टर म्हणतात आधी शुगर खाली आणा मग बदलू, म्हणजे अजून तीन महिने. दुखणं सोसतं हो, पण रात्री दोनला भिंतीला धरून बाथरूमला जाताना रडूच येतं, सून उठू नये म्हणून लाईटपण लावत नाही. दिवसभर सगळ्यांवर चिडचिड. तुम्ही कसं काढलंत?

पोवईनाका_सातारा: ताई, आधी लाईट लावत जा, पडलात तर ऑपरेशन राहील बाजूला! माझा उजवा बदलला, त्याआधी सात महिने असेच गेले. काठी जास्त दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची हे फार उशिरा कळलं, आणि खरं सांगू का, काठीची लाजच वाटायची, रोज अजिंक्यतारा चढणारा माणूस मी.

मिरजकर: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळायची, पाच मोजून सोडायचं. दुखणं जात नाही, पण आज वीस झाले म्हणून जरा बरं वाटतं. पेनकिलर मनानं वाढवू नका, शुगरवाल्यांना किडनी सांभाळावी लागते.

कृष्णाकाठची_ताई: काल सुनेला सांगितलं एकदाचं. म्हणाली, मी जागीच असते हो आई.