फ्रान्सनं २०२०चा हंगाम अर्धवट गुंडाळला, ते चुकलंच

तापीकाठ (यावल)
मत आधीच सांगून टाकतो, मग काय झोडायचं ते झोडा. कोरोनाच्या टाळेबंदीत फ्रान्सच्या फुटबॉल लीगनं दहा फेऱ्या बाकी असताना दुकान बंद केलं, हा शुद्ध आततायीपणा होता. २८ एप्रिल २०२०ला तिथले पंतप्रधान म्हणाले, हंगाम पुन्हा सुरू होणार नाही. ३० तारखेला लीगनं पीएसजी या पॅरिसच्या क्लबला विजेते ठरवून टाकलं. १६ मेला जर्मनी रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायला लागली, १७ जूनला इंग्लंड.

अमियां या क्लबचे २३ गुण होते, एक नंबर वरच्या नीम क्लबचे २७. तीस गुण खेळायचे बाकी, तरी अमियां खालच्या विभागात. न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, तर लीगनं परत मतदान घेऊन उतरवलंच. लियों हा क्लब सातव्या नंबरावर अडकला आणि पुढच्या वर्षीच्या युरोपीय स्पर्धा हुकल्या. त्याच लियोंनं ऑगस्टमध्ये युव्हेंटस आणि मँचेस्टर सिटीला घरी पाठवून चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. म्हणजे ऑगस्टमध्ये खेळता येतं, जूनमध्ये नाही?

आणि पैसा. आपल्याकडे व्यापारी केळीची बाग बघून इसार देतो, घड कापले की उरलेले पैसे. घडच कापले नाहीत तर तो कशाचे देईल? टीव्हीवाल्यांनी हप्ते थांबवले आणि लीगला सरकारी हमीवर सुमारे साडेबावीस कोटी युरोंचं कर्ज काढावं लागलं. मॅच खेळवल्या असत्या तर यातलं बरंच वाचलं असतं.

धुळेकर_लेफ्टबॅक
तात्या, निवांत बसून आज हे म्हणणं सोपं आहे. २०२०च्या मे-जूनमध्ये जळगावच्या मृत्युदराची देशभर चर्चा होती, विसरलात? आपल्याकडे स्वॅब दिला की रिपोर्टची वाट बघत घरात कोंडून बसायचं, आणि तिकडे फुटबॉलपटूंची आठवड्यातून दोनदा तपासणी. कुणाला सुरक्षा मिळते हा प्रश्न तेव्हा विचारायला नको होता का?

दुसरं, फ्रान्सची वाट हंगाम थांबवल्यामुळे लागली हे अर्धसत्य आहे. खरा खड्डा पुढे पडला. २०२०-२१ पासूनचे टीव्ही प्रक्षेपणाचे हक्क मीडियाप्रो नावाच्या कंपनीनं वर्षाला ८० कोटी युरोंहून जास्त किंमत सांगून घेतले आणि ऑक्टोबरचाच हप्ता बुडवला. डिसेंबरमध्ये करार मोडला. तेव्हा मॅच चालू होत्या बरं! तुमच्या भाषेत सांगायचं तर घड कापून ट्रकमध्ये भरले आणि व्यापारी पळाला. हा करार महामारीच्या आधी, २०१८ मध्ये झालेला. हाव आधीची, कोरोनानं फक्त उघडी पाडली.

भुसावळ_आऊटर
दोघंही वरच्या मजल्यावरच भांडताय. खालचं बघा.

इंग्लंडची प्रीमियर लीग खेळली, कारण ९२ सामने पडून होते आणि त्यांचे टीव्हीचे पैसे. तरी प्रक्षेपकांना सुमारे ३३ कोटी पौंडांची सूट द्यावीच लागली. क्लबांचं उत्पन्न १३ टक्क्यांनी घसरून ४५० कोटी पौंडांवर आलं (यातला थोडा भाग नुसता हिशेबाचा, काही सामने जूननंतर गेले म्हणून पैसे पुढच्या वर्षात धरले). तिसऱ्या आणि चौथ्या विभागाचं काय? तिथे टीव्हीचा पैसा नावापुरता. तिकीट, चहा, खाणं, पार्किंग यावर क्लब चालतो. रिकाम्या मैदानात खेळायचं म्हणजे तपासणीचा खर्च अंगावर आणि गल्ला शून्य. म्हणून त्या क्लबांनी स्वतःच मत देऊन ९ जूनला हंगाम थांबवला. त्यांचं मी चूक म्हणणार नाही.

पण मग क्रमवारी लावली सरासरीवर, म्हणजे मिळालेले गुण भागिले खेळलेले सामने. तिसऱ्या विभागात वायकम आठव्या नंबरावर होतं, एक सामना कमी खेळलेलं. सरासरीनं थेट तिसरं झालं, प्लेऑफ (वर जायच्या शेवटच्या जागेसाठीचे बाद सामने) जिंकून वरच्या विभागात गेलं. पीटरबरो सहावं होतं, ते सातवं होऊन प्लेऑफच्या बाहेर. ट्रॅनमियरनं शेवटचे तीन सामने ओळीनं जिंकले होते, तरी खाली गेलं. एका भागाकारावर गावाचं वर्षभराचं बजेट ठरलं!

तापीकाठ (यावल)
म्हणजे माझंच म्हणणं की हो भाऊ. मैदानावर निकाल लागू द्यायचा.

भुसावळ_आऊटर
नाही. ज्याला खेळणं परवडत नाही त्यानं थांबावं, पण वर-खाली करू नये, एवढंच. हॉलंडनं तेच केलं. विजेता नाही, कुणी खाली नाही, कुणी वर नाही.

धुळेकर_लेफ्टबॅक
आणि कॅम्बूरचं काय? दुसऱ्या विभागात पहिल्या नंबरावर असून वर जाता आलं नाही, पुढच्या वर्षी परत जिंकून जावं लागलं. सगळ्यांना न्याय देणारी पद्धत असती तर हा वाद इतकी वर्षं चालला नसता.

जर्सीवाला (जळगाव)
भो, मेस्सीना पगार कमी व्हयना तरी त्यानं घर चालस. आमनं दुकान बंद व्हतं ते कोन देखस?

गंमत सोडा. मार्च २०२०ला माझ्याकडे दोन टीमच्या जर्सी छापून तयार होत्या, पाठीवर नाव, नंबर, छातीवर गावातल्या ज्वेलर्सचा लोगो. स्पर्धा रद्द. साधी जर्सी असती तर दुसऱ्या कुणाला तरी खपवली असती, नाव छापलेली कोण घेणार? इसार परत मागायला मात्र आयोजक लगेच हजर. रेफरीचं मानधन, पताकावाला, मंडप, मैदान आखणारा पोऱ्या, यांच्या नावानं कुठल्याच लीगनं कर्ज काढलं नाही.

गिरणेचा_गोली
जर्सीवाल्या दादांना माझं अनुमोदन, पण मेस्सीवर एवढं नको. बार्सिलोनाच्या खेळाडूंनी मार्च २०२० मध्ये आणीबाणीपुरती ७० टक्के पगारकपात घेतली होती. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्तांनी सांगितलं की देणी १३५ कोटी युरो आणि पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के. रुपयाच्या कमाईवर तीन पैसे जास्त तर नुसत्या पगारालाच! हे तीन महिन्यांच्या बंदमुळे होत नाही. मेस्सीला त्याच महिन्यात जावं लागलं. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बारा श्रीमंत क्लब मिळून स्वतःची वेगळी सुपर लीग काढायला निघाले होते, दोन दिवसांत गुंडाळली. श्रीमंतांचं तोट्याचं रडगाणं मला तरी पटत नाही.

तापीकाठ (यावल)
बार्सिलोनाचा कैवार मी घेतलेलाच नाही. मीडियाप्रोचा मुद्दा मान्य, तो वेगळा खड्डा. पण अमियांवर कुणीच बोलत नाही. चार गुणांसाठी क्लबचं टीव्ही-उत्पन्न ढासळतं, खेळाडू विकावे लागतात. त्यांची चूक काय होती?

भुसावळ_आऊटर
त्यांची चूक काहीच नव्हती. पण उपाय परदेशातच शोधायला नको. आपल्या आय-लीगमध्ये त्याच हंगामात मोहन बागाननं चार फेऱ्या बाकी असतानाच विजेतेपद नक्की केलं होतं, म्हणून त्यांना चषक दिला. बाकी कुणाला खाली उतरवलं नाही, आणि उरलेली बक्षिसाची रक्कम इतर क्लबांत सारखी वाटली. फ्रान्सकडे पैसा आपल्या कितीतरी पट, तरी हे सुचलं नाही.

धुळेकर_लेफ्टबॅक
सारखी वाटली हे ठीक, पण दुसऱ्या नंबरासाठी जिवाचं रान करणाऱ्या टीमला तळाच्या टीमएवढेच पैसे? यालाही न्याय म्हणायचं का, ते सांगा आधी.